त्रेचाळीस किलो सहाशे ग्रॅम रेडियम

४ ऑगस्ट १९९७, सोमवार. रात्री ९.३०

ही डायरी जानेवारीत खतवाल्यानं फुकट दिली होती. सात महिने कोरी पडली. आजपासून रोज एक पान. आज तसं कारणच घडलंय.

दुकान उघडलं. 'बिरदेव रेडियम आर्ट', इंदापूर रोड, बारामती. नंबरप्लेट, नावं, देवांची चित्रं, गाडीच्या मागं चमकणाऱ्या पट्ट्या. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून भजी आणली. भज्याच्या कागदावर बातमी: 'किरणोत्सारी पदार्थांना परवाना. नवे नियम टप्प्याटप्प्याने.' पुढं वाचलं आणि भजं तोंडातच राहिलं. 'रेडियमसारखे पदार्थ बाळगणाऱ्यांना परवाना घ्यावा लागणार असून पहिल्या टप्प्यात रुग्णालये, दुसऱ्या टप्प्यात कारखाने व तिसऱ्या टप्प्यात...' यापुढं नुसतं तेल.

तेरा वर्षं रेडियम विकतोय. सरकारनं आज दखल घेतली.

तिसरा टप्पा म्हणजे आम्हीच. दुसरं कोण उरलंय? आणि बारामतीपासून इंदापूरपर्यंत नाव घ्यावं असे रेडियमवाले दोन. एक मी, एक भिगवण चौकातला रतन. रतन दहावी नापास. मी बारावी सायन्स. (फिजिक्सला नऊ मार्कांनी राहिलो, पण त्या साली पेपरच तसा होता.) परवाना कुणाला मिळणार हे सांगायला नको.

संध्याकाळी कन्हेरीला घरी जाऊन बायकोला, सारजाला, सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "परवान्याचं ऱ्हाऊ द्या. शेळीला पाला आणला का?" विसरलो होतो.

५ ऑगस्ट, मंगळवार

ठराव. पहाटे पाचला उठणे. डिक्शनरीचं रोज एक पान पाठ करणे, मुंबईचे साहेब लोक इंग्लिशमध्ये बोलणार. चहा दिवसाला दोनच कप. फिजिक्सचं जुनं पुस्तक गिऱ्हाइकाला दिसेल असं काउंटरवर ठेवणे.

६ ऑगस्ट, बुधवार

सात पन्नासला उठलो. झोप मात्र गाढ लागली, डोक्याच्या कामाला ती लागतेच. चहा पाच. त्यातले तीन दुसऱ्यांनी पाजले, ते धरायचे नाहीत. फिजिक्सचं पुस्तक सापडलं. सारजानं त्याची निम्मी पानं भाकरीच्या दुरडीखाली घातलीयत. प्रकाशाचा धडा शाबूत आहे.

११ ऑगस्ट, सोमवार

योगिनी मॅडम आल्या होत्या. कॉलेजात फिजिक्स शिकवतात. कायनेटिकची नंबरप्लेट करायची होती. मी मुद्दाम तो भज्याचा कागद दाखवला. मॅडम वाचून हसल्या. बराच वेळ. मग चष्मा पुसून म्हणाल्या, "अहो बिरदेव, तुमचं हे रेडियम म्हणजे उजेड पडला की चमकणारं प्लास्टिक. खरं रेडियम वेगळं असतं. नाव तेवढं सारखं."

मी विचारलं, मग याला रेडियम का म्हणतात? मॅडमनी चष्मा परत घातला. म्हणाल्या, "सगळे म्हणतात म्हणून."

म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. मॅडमचा मान राखून वाद घातला नाही. शिकवणं वेगळं आणि हाताळणं वेगळं. मॅडमनी आयुष्यात एक फूटसुद्धा रेडियम कापलेलं नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव. चौकात झेंडा. इंदापूरहून सासरे आले होते, हिंदुराव मामा. मिलिटरीतून हवालदार म्हणून रिटायर. मामा माझी नेहमी एकाच पद्धतीनं ओळख करून देतात: "ह्ये आमचे जावई. स्टिकर चिकटवत्यात."

आज मी शांतपणे सांगितलं की, मामा, हे खातं आता थेट केंद्र सरकारकडं गेलंय. मामा मिशीला हात लावून म्हणाले, "जावईबापू, सरकार तुमच्याकडं बघाया लागलं म्हंजी सरकारला दुसरं काम उरलं न्हाय." आणि सगळ्यांच्या देखत हसले. सारजा पण हसली. तिनं पदर लावला होता तोंडाला, पण खांदे हलत होते.

हसा. परवाना फ्रेम करून पहिल्यांदा इंदापुरात मामांच्या ओसरीवर टांगणार आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

साखर कारखान्याच्या शेतकी विभागातले बापूसाहेब स्वतः दुकानात आले. ऊसवाहतुकीचं सगळं तेच बघतात. हंगाम सुरू व्हायच्या आत सगळ्या ट्रॉल्या आणि बैलगाड्यांना मागून पट्ट्या लावायच्या आहेत. तीनशे बारा गाड्या. गेल्या हंगामात पणदरे रस्त्याला अंधारात बैलगाडी दिसली नाही म्हणून मागून ट्रकनं धडक दिली. दोन्ही बैल गेले आणि गाडीवानाचा पाय गुडघ्यातून काढावा लागला. बापूसाहेब हे सांगताना खाली बघत होते. म्हणाले, "औंदा तसं व्हायला नगं, बिरदेव."

मी म्हणालो, काम माझंच आहे असं समजा. फक्त परवाना येऊ द्या. विनापरवाना रेडियम तीनशे बारा गाड्यांवर पसरलं तर जबाबदारी कुणाची?

बापूसाहेब म्हणाले, "पट्ट्या लावायच्यात. बाँब न्हाय लावायचा." मी त्यांना तिन्ही टप्पे समजावले. ते टोपी नीट करून उठले. मग म्हणाले, दसऱ्यापर्यंत काय ते सांगा.

ऑर्डर हातात आल्यासारखीच आहे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

अर्जात माल किती आहे ते लिहावं लागणार. शेजारच्या किराणा दुकानात सगळे रोल नेऊन तराजूवर घातले. त्रेचाळीस किलो सहाशे ग्रॅम. दुकानदारानं विचारलं हे काय. मी म्हणालो, रेडियम. मग रेडियम म्हणजे काय असतं ते प्रकाशाच्या धड्याच्या आधारानं दहा मिनिटं सांगितलं. मी निघाल्यावर त्यानं तराजू दोनदा धुतला.

जागरूकता अशीच हळूहळू येते.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

अर्ज रजिस्टर पोस्टानं मुंबईला रवाना. मराठीतच लिहिला, कारण डिक्शनरी अजून 'ए'च्या तिसऱ्या पानावर आहे. मजकूर इथं उतरवून ठेवतो:

'मजजवळ तेरा वर्षांपासून रेडियम असून आजमितीस त्याचे वजन ४३ किलो ६०० ग्रॅम भरते. सदर रेडियम मी रोज ब्लेडने कापतो. पत्नीही हाताळते. उरलेले तुकडे आम्ही ओढ्याकाठी जाळतो. तरी तिसऱ्या टप्प्याची वाट न पाहता परवाना मिळावा ही विनंती.'

रंग लिहायचे राहिले. लाल, पिवळा, पांढरा, हिरवा. असू दे. साहेब लोकांना वजनाशी मतलब.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

फिजिक्समध्ये होतं की किरणांना शिसं अडवतं. उजनीच्या धरणावर मासे धरणारा एक ओळखीचा आहे. त्याच्याकडनं जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या आणल्या. सारजाला म्हटलं, बनियनला पुढून मागून खिसे शिवून दे. तिनं विचारलं कशाला. मी म्हणालो संरक्षण. तिनं शिवून दिलं. शिवताना एकदा सुई ठेवून माझ्याकडं बघितलं फक्त.

बनियन साडेचार किलो भरतं. घालून M80 वर बसलो तर गाडी मागं झुकते. छकुली म्हणाली, "पप्पा, मला पण पायजे." सातवं वर्ष चालू आहे तिला, पण शास्त्राची ओढ आहे. माझ्यावर गेलीय.

३१ ऑगस्ट, रविवार

कंबर धरली. बनियनचा संबंध नाही. बसण्याची पद्धत बदलायला हवी.

५ सप्टेंबर, शुक्रवार. गणेश चतुर्थी

शुभ दिवस बघून नवा बोर्ड लावला. लाल रोलवर पिवळी अक्षरं, मी स्वतः कापलेली: 'सावधान! किरणोत्सारी क्षेत्र. शासकीय परवाना मार्गावर.' खाली कवटी काढली. कवटी जरा हसरी झाली, पण लांबून कळत नाही.

दिवसभर लोक बोर्डसमोर उभे होते. आत कुणी आलं नाही. सणाचा दिवस, साहजिक आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

पाच जण नंबरप्लेट परत घेऊन आले. एकानं तर अक्षरं खुरप्यानं खरवडून काढलेली. त्याला चौकात पोलिसानं धरला, गाडीला नंबर नाही म्हणून. त्यानं पोलिसाला सांगितलं की बिरदेवच्या दुकानात विषारी रेडियम आहे, साऱ्या गावाला माहीत आहे. पोलीस चौकशीला आला, बोर्ड वाचला आणि रस्त्याच्या पलीकडूनच बोलून गेला.

म्हणजे पोलीस खातं पण आता अंतर राखून असतं. पूर्वी खांद्यावर हात टाकून फुकट नाव चिकटवून घ्यायचे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

छकुलीच्या कंपासपेटीवर मी मागं चांदण्या चिकटवल्या होत्या. वर्गातल्या मुलींना त्यांच्या घरून सांगितलंय, तिच्याशेजारी बसायचं नाही. आता ती एकटीच बसते. मी तिला म्हणालो, बघ, अख्खा बाक मिळाला.  रात्री जेवताना ती पेटीवरच्या चांदण्या नखानं काढत होती. चांगल्या चिकटल्यात, निघत नाहीत. माझं काम पक्कं असतं.

आज एवढंच.

१६ सप्टेंबर, मंगळवार

ठमाबाई दुकानात आली. गेल्या हंगामात पाय गेलेला गाडीवान तो हिचाच नवरा. आता गाडी हिचा दीर हाकणार, बैल नवे घेतलेत. तिला गाडीच्या मागं लावायला दोन हात पट्टी पाहिजे होती. बोर्डला भ्यायली नाही. म्हणाली, "मला वाचाया येत न्हाय, बाबा."

मी नियम समजावून सांगितला. परवान्याआधी एक इंचही देता येणार नाही. आज हिला दिलं तर उद्या सगळे येतील. ती हात जोडून म्हणाली, "तुमचं कायद्याचं मला काय कळतंय. गाडी मागनं दिसली पायजे, यवढंच." मी म्हणालो, तिसऱ्या टप्प्यात नक्की. ती गेली.

सारजा डबा घेऊन आली होती, मागं स्टुलावर बसून ऐकत होती. ती उठली आणि ठमाबाईच्या मागं बाहेर गेली. येताना कात्री तिच्या हातात होती आणि लाल रोल थोडा कमी झालेला. मी रोल जागेवर ठेवला. घरातल्या माणसानं नियम मोडला तर तो नियमभंग धरायचा की नाही, हे अर्जाचं उत्तर आलं की विचारून घेऊ.

संध्याकाळी तिनं मला वाढलं आणि स्वतः छकुलीला घेऊन अंगणात जेवली.

२२ सप्टेंबर, सोमवार

रतननं बोर्ड बदलला. 'आमच्याकडे रेडियम मिळत नाही. फक्त चमकपट्टी.' त्याच्याकडं रांग आहे. बघून आलो. त्याच कंपनीचा रोल, तोच लाल.

लोकांना कसं फसवता येतं याचं नवल वाटतं.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज दिवसात एकच गिऱ्हाईक. तेही पत्ता विचारायला.

सारजा म्हणाली की, ती बापूसाहेबांकडं जाऊन आली. म्हणजे मला न विचारता एसटीनं कारखान्यावर. ऑर्डर रतनला जायची होती, तिनं थांबवली. बापूसाहेबांना म्हणाली, "मालक परवान्यात अडकल्यात. पट्ट्या मी लावते. बायका माझ्या आणते." बापूसाहेब हो म्हणाले. बापूसाहेबांनी तिला चहा पाजला. मला कधी पाजला नाही.

मी म्हणालो, विनापरवाना हाताळणी! ती म्हणाली, "तेरा वर्षं हाताळत्ये. बोटं झडली का माझी?" आणि दहाही बोटं माझ्या तोंडासमोर धरली. ब्लेडच्या खुणा खूप आहेत तिच्या बोटांवर. मला वाटायचं सगळं कापकाम मीच करतो.

विचार करून परवानगी दिली. मात्र कागदोपत्री मी यात नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

ब्लेड, कात्री आणि स्टीलची पट्टी यांची पूजा. सारजा पूजा उरकून सोनं वाटायला न थांबता कारखान्यावर गेली. ठमाबाई आणि आणखी चार जणी तिच्याबरोबर. एक पाणी मारते, एक पुसते, एक चिकटवते. अठ्ठावन्न गाड्या झाल्या म्हणे. मी दुकान सांभाळलं. फिजिक्सच्या पुस्तकावर डोकं टेकून जरा चिंतन केलं, तेवढ्यात संध्याकाळ झाली.

नवा ठराव: दिवाळीपर्यंत 'बी' अक्षर.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. दुपारी १२.३०

पत्र आलं!! मुंबईहून. सरकारी पाकीट. 'आपल्या अर्जाच्या अनुषंगाने आमचे दोन अधिकारी दि. २४ रोजी आपल्या जागेस भेट देतील. तोपर्यंत सदर पदार्थ कोणीही हाताळू नये.'

दोन अधिकारी. एक नाही, दोन.

 पोस्टमनला पाच रुपये दिले. इंदापूरला फोन लावून मामांना कळवलं.  मग मामा म्हणाले, "येतो मी. बगूच."

सारजाला म्हणालो, आता काम थांबव, पत्रात लिहिलंय. तिनं विचारलं, गाड्या पण थांबवणार का मुंबईचे? मग डबा भरून कारखान्यावर गेली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

उद्याची तयारी. दोन हार, दोन नारळ, दोन शाली, एक मांडव. बँडवाल्यानं ऐनवेळी नाही म्हटलं, हलगीवाला सांगितलाय. रोल ओळीनं लावले. फिजिक्सचं पुस्तक मधोमध. स्वागताचं भाषण इंग्लिशमध्ये पाठ. 'ए'पासून सुरू होणारे शब्द जास्त आले आहेत, पण त्यानं भाषणाला एक वजन येतं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. रात्री ८

जसं झालं तसं लिहितो.

अकराला पांढरी जीप आली. हलगी सुरू झाली. रस्त्यावर चारशे माणूस असेल. मामा फेटा बांधून आले होते. खास प्रसंग म्हणून ट्रंकेतलं त्यांच्या वडिलांचं घड्याळ घातलेलं. ते ब्रह्मदेशाच्या लढाईत होते, तिकडून आणलेलं. मी शिशाचं बनियन घालून त्यावर सफारी.

साहेब दोघं. एक मराठी, एक हिंदी बोलणारे. हार घालू दिले नाहीत. जीपमधून एक डबा काढला, त्याला वायर, वायरीला दांडा. रेडियम असलं की तो टिकटिक वाजतो. साहेबांनी दांडा पहिल्या रोलवर धरला. हलगीवाल्याला थांबायला सांगितलं. सारा इंदापूर रोड टाचा वर करून बघायला लागला.

डबा अधूनमधून एखादं टिक करत होता. मी मान डोलावली. हिंदीवाले साहेब म्हणाले, एवढं तर सगळीकडंच असतं, जमिनीतून येतं, आकाशातून येतं. दुसरा रोल, तसंच. सगळे रोल झाले. मग त्यांनी मला दांडा लावला. माझ्यातही काही नाही. बनियन चाचपून हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं. मराठी साहेबांनी तोंड फिरवून रुमाल काढला.

मग म्हणाले, "बिरदेवराव, साऱ्या जगानं आजवर जेवढं रेडियम काढलं ना, ते सुद्धा काही किलोच भरेल. तुम्ही त्रेचाळीस लिहिलंत. वर जाळतो पण लिहिलंत." मी विचारलं, म्हणून तुम्ही मुंबईहून आलात? ते रुमाल खिशात घालत म्हणाले, "खरं सांगायचं तर इंदापूरकडं एका कारखान्यात आमचं काम होतं. तुमचं दुकान वाटेवर. पण कुणी 'आहे' म्हटलं तर बघून यावंच लागतं, तो नियम आहे."

वाटेवर.

तेवढ्यात मामा गर्दीतून पुढं आले. एकदम सावधान उभे राहिले, सॅल्यूट ठोकला आणि साहेबांचा हात हातात घेतला. डबा सुटलाच. टिकटिकटिकटिकटिक. माणसं मागं सरली, एक जण गटारात गेला. मामा पांढरे पडले. साहेबांनी दांडा फेट्यावर नेला, छातीवर आणला, मनगटावर धरला. घड्याळ! आकड्यांना खरं रेडियम फासलेलं, जुन्या काळचं.

हिंदीवाले साहेब खूश झाले. म्हणाले, तिसऱ्या टप्प्यात नोंद करायच्या वस्तू त्या ह्या. काच फुटलेली नाही, भिण्यासारखं काही नाही. उघडायचं नाही, रोज मनगटावर घालायचं नाही, कपाटात ठेवायचं. मामांचं नाव, गाव, हुद्दा लिहून घेतला. मामांचा रंग परत आला. छाती पुढं आली. माझ्याकडं बघून म्हणाले, "जावईबापू, रेडियम आमच्याकडं हाय व्हय!" चारशे माणसं हसली. हलगीवाल्यानं न सांगता वाजवायला सुरुवात केली. मामांना एक शाल पांघरण्यात आली. दुसरी सारजानं घडी करून ठेवली.

साहेब जीपमध्ये बसत होते तर छकुली पुढं गेली. शाळेच्या ड्रेसमध्ये. कंपासपेटी दोन्ही हातांनी वर धरून म्हणाली, "साहेब, ह्याला पण लावा की. शाळेतल्या माझ्याजवळ बसत न्हाईत." साहेब खाली उतरले. उकिडवे बसले. दांडा पेटीवर धरला, तिच्या हातांवर धरला, तिलाच कान लावून ऐकायला सांगितलं. मग खिशातून पेन काढून कागदावर लिहून दिलं: 'या मुलीच्या कंपासपेटीत धोकादायक काहीही नाही. तिच्याजवळ कोणीही बसावे.' सही. शिक्का पण मारला, जीपमध्ये होता.

मी बघत होतो. बनियनमध्ये फार उकडत होतं. घाम डोळ्यात गेला.

भाषण राहिलं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दुकान बंद ठेवून आतच पडून होतो. आजारी. तसा काही आजार नाही.

सारजा दुपारी डबा घेऊन आली. म्हणाली, जेवा. मी म्हणालो, तू हसायचं असेल तर हस. ती नाही हसली. म्हणाली, "तुमी नऊ मार्कांनी राहिला, त्याला सोळा वर्षं झाली. कुणी इचारतंय का आता?" मग म्हणाली, ट्रॉल्यांवर तिरप्या पट्ट्या तिला जमतात, पण अक्षरं वेडीवाकडी येतात. कारखान्याला प्रत्येक गाडीवर नंबर पाहिजे. एवढंच बोलून गेली.

संध्याकाळी बोर्ड काढला. कवटी जवळून बघितली तर खरंच हसत होती.

३० ऑक्टोबर, गुरुवार. दिवाळी

छकुलीचा बाक परत भरला. सुट्टी लागायच्या आधीच दोघी बसायला लागल्या म्हणे. तिनं साहेबांचा कागद वर्गात वाचून दाखवला. बाईंनी तो फळ्याशेजारी चिकटवला. मामांच्या ओसरीवर शाल टांगलीय असं ऐकतो.

गिऱ्हाईक थोडं थोडं येतंय. मी अजून विचार करतोय की माझ्या रोलांच्या वेळी साहेबांच्या डब्याची बॅटरी उतरली असेल तर...

जाऊ दे. लाडू चांगले झालेत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मुंबईहून दोन पाकिटं आली. मामांचं आमच्या पत्त्यावर आलंय. ते दोन पानी आहे. घड्याळ कसं ठेवावं, कुठं ठेवावं, मोडीत घालू नये, विकू नये, विचारल्याशिवाय कुणाला देऊ नये. वर 'श्री. हिंदुराव, माजी हवालदार' असं टाइप केलेलं. सिंहाचं चिन्ह.

माझं एका ओळीचं. 'आपणाजवळील मालास कोणत्याही परवान्याची आवश्यकता नाही.'

तीनदा वाचलं. एका बाजूनं बघितलं तर केंद्र सरकारनं लेखी मोकळीक दिलेला बारामतीतला मी एकमेव... असं लिहायला घेतलं होतं. छकुली मागं उभी राहून अक्षर लावून वाचत होती. तिनं विचारलं, "पप्पा, आवश्यकता म्हंजी काय?" मी म्हणालो, गरज. ती म्हणाली, "मग तुमची गरज न्हाय असं लिवलंय?" मी म्हणालो, परवान्याची. ती बरं म्हणून खेळायला गेली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

हंगाम जोरात. रस्ताभर उसाची चिपाडं.

ठमाबाई घरी आली होती. उंबऱ्यावर टेकली. काल दिवस मावळताना पणदरे रस्त्यालाच, बहुतेक त्याच जागी, तिच्या दिराच्या गाडीमागं दुधाचा टेंपो आला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि हातभरावर थांबला. खाली उतरून म्हणाला, "लांबनं लाल चमाकलं म्हनून वाचलो बघा." ठमाबाई सांगता सांगता रडली, सारजा पण रडली. दोघींनी एकमेकींचे हात धरले होते.

ती लाल पट्टी म्हणजे सारजानं दिलेली. मी नाही म्हटलेली.

मी आत जाऊन पाणी प्यालो. ठमाबाईला चहा दिला. मी केला. साखर जास्त झाली. ती प्याली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी साडेपाचला उठलो. सारजानं उठवलं. सव्वासातला कारखान्यावर.

हंगामाआधी पट्ट्या सगळ्या गाड्यांना झाल्या होत्या, नंबर राहिले होते. आज माझ्याकडं नंबर. चौसष्ट ट्रॉल्यांचे आकडे कापून चिकटवले. बापूसाहेब बघायला आले. मी त्यांना परावर्तनाबद्दल थोडं सांगायला लागलो, तर ते सारजाकडं वळून म्हणाले, "वहिनी, उद्याच्याला किती लागतील?"

एका ट्रॉलीला इंग्लिश '99' लावायचा होता. उलटा लागला. सहासष्ट झाले. सारजा आली, माझ्या हातून ओला फडका घेतला, दोन्ही आकडे अलगद सोलून काढले आणि नीट लावले. म्हणाली, "आता पुढची घ्या."

घेतली.